निसर्गाच्या रेणूतलं काय ठेवायचं, काय सोडायचं

(युवा अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना 'आपल्या समाजातली मुलगी शास्त्रज्ञ झाली' असं सांगितलं गेलं. कौतुकाबद्दल आभार. पण मी ज्या जिवाणूंशी दिवसभर भांडते त्यांना माझं आडनाव माहीत नसतं, आणि मला ते फार सोयीचं वाटतं. तेव्हा आजचा वेळ त्यांच्यावरच घालवू. फळ्यावर एक-दोन चित्रं काढीन. दहावीपर्यंतचं विज्ञान पुरेल, आणि ज्यांना दहावीत विज्ञान आवडलं नव्हतं त्यांनीही घाबरायचं कारण नाही.

सुरुवात घरापासून करते. माझे अब्बा वेल्डिंगचं काम करायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पायात पत्र्याचा तुकडा घुसला. साखरेचा आजार जुनाच. मी तेव्हा रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते, घरातली 'शिकलेली' मीच. अम्मीने फोन केला तेव्हा मीच सांगितलं, "मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात ना, त्या सुरू करा, मी रविवारी येते." मी रविवारी पोचले तेव्हा पाय काळा-निळा झाला होता. दवाखान्यात पू तपासायला पाठवला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. अब्बांनी चष्मा लावून तो कागद पाहिला आणि मला विचारलं, "ये आर, आर, आर बोले तो क्या?"

आर म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जिवाणूला मारत नाही. एस म्हणजे मारतं. यादीत खाली तीन-चार नावांपुढे एस होता. जिवाणू होता एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या पेनिसिलिनच्या कुटुंबाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस. त्यांना व्हॅन्कोमायसिनचं सलाईन लावलं. दोन बोटं गेली, पाय वाचला. त्या उरलेल्या गोळ्यांनी जिवाणू तयार झाला असं मी म्हणत नाही, तो आधीपासून तसाच असू शकतो. पण माझ्या त्या सल्ल्यात चार दिवस गेले, हे खरं आहे. अब्बांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवलेला नाही, त्यामुळे मला ते अजून आठवतं.

आता या व्हॅन्कोमायसिनकडे बघा. हे औषध कुणी टेबलाशी बसून आखलेलं नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने अमेरिकेतल्या एली लिली कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाला मातीचा नमुना पाठवला होता. त्या मातीतला एक जिवाणू हे रसायन बनवत होता. सुरुवातीला ते इतकं गढूळ, तपकिरी मिळायचं की कंपनीतले लोक त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणायचे. 1958 मध्ये त्याला मान्यता मिळाली. मिरज-सांगलीकडच्या एका वेल्डरचा पाय बोर्निओच्या मातीने वाचवला, असं म्हटलं तरी चालेल.

आपली बहुतेक अँटिबायोटिक्स अशीच आली आहेत. पेनिसिलिन बुरशीतून. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन मातीतल्या जिवाणूंपासून. आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन नावाचं औषध शोधलं. ते बुरशीवरचं होतं, जिवाणूंवरचं नाही, पण पुणे-मुंबई रस्त्यावरून जाताना तिथली माती मी जरा आदराने बघते.

मातीतले हे जीव अशी रसायनं का बनवतात? शेजाऱ्याशी स्पर्धा असते म्हणून, एकमेकांना निरोप द्यायचे असतात म्हणून, आणि काही वेळा का बनवतात ते नीटसं कळतच नाही. एक मात्र नक्की. माझ्या अब्बांच्या रक्तात बारा तास टिकावं, मूत्रपिंडाला त्रास देऊ नये, बाटलीत भरून दुकानात ठेवता यावं, यातला एकही विचार त्या जिवाणूने केलेला नसतो. त्याच्या कोट्यवधी वर्षांच्या गरजांमधून तो रेणू घडलेला असतो. त्यात काही भाग त्याच्या उपयोगाचे असतात, काही आपल्या, आणि काही केवळ त्याच्याकडे ती यंत्रणा होती म्हणून आलेले.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ विचारतो: या मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूतला नेमका कोणता भाग काम करतो? तेवढा ठेवून बाकीचं सोपं करता येईल का? मूळ रेणूची नक्कल करायची, पण सोपी नक्कल. आजचा विषय हाच.

ही युक्ती जुनी आहे. कोकेनने जागा बधिर होते हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण कोकेनचं व्यसन लागतं, आणि त्याचा रेणू दोन जोडलेल्या कड्यांचा, बनवायला किचकट. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी त्यातला बधिर करणारा भाग ओळखला, कड्यांची ती जोडी सोडून दिली, आणि 1905 च्या सुमाराला प्रोकेन आलं. दाढ काढताना आज मिळतं ते इंजेक्शन त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

अँटिबायोटिकमध्ये हे करायला गेलं की मामला अवघड होतो. ते का, हे समजायला जिवाणूची भिंत कशी बांधली जाते ते बघू.

तुम्ही बांधकामावर घमेलं पाहिलं आहे. जिवाणूभोवती एक भिंत असते. तिच्या विटा पेशीच्या आत बनतात आणि पातळ पडद्यातून बाहेर न्याव्या लागतात. विटा वाहणारं जे घमेलं असतं त्याचं नाव लिपिड टू. घमेलं आतून भरून येतं, बाहेर वीट लागते, रिकामं घमेलं परत आत जातं. व्हॅन्कोमायसिन काय करतं? ते विटेचं टोक घट्ट धरून ठेवतं. वीट भिंतीत बसत नाही, भिंत कच्ची राहते, जिवाणू मरतो. पण काही जिवाणूंनी विटेचं टोकच बदललं. टोकाला अलानिन नावाच्या अमिनो आम्लाची जोडी असायची, त्यातल्या शेवटच्या अलानिनच्या जागी त्यांनी लॅक्टिक आम्ल बसवलं. एवढासा फरक, आणि व्हॅन्कोमायसिनची पकड सुटते. असे एन्टेरोकोकस जिवाणू आज रुग्णालयांमध्ये आहेत. म्हणजे अब्बांच्या रिपोर्टात जिथे एस होता तिथेही एखाद्या दिवशी आर येऊ शकतो.

2015 च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले किम लुईस, स्लावा एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. मग यांनी उलटं केलं: बारीक छिद्रांची एक चकती बनवली, एकेका छिद्रात साधारण एकेक जिवाणू ठेवला आणि ती चकती परत मातीतच पुरली. त्याला ते आयचिप म्हणतात. अशा दहा हजार जिवाणूंच्या अर्कांची तपासणी झाली आणि अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मातीतून एक नवं रसायन हाती लागलं. टेक्सोबॅक्टिन.

टेक्सोबॅक्टिन घमेल्याचा काठ धरतं. विटेचं टोक बदलणं जिवाणूला जमतं, पण घमेल्याचा तो भाग बदलणं फार कठीण. त्यांनी स्टॅफिलोकोकसला सत्तावीस दिवस थोडं थोडं औषध देत वाढवलं, तरी दाद न देणारा जिवाणू तयार झाला नाही. वर्तमानपत्रांनी लगेच 'प्रतिकारच नसलेलं औषध' असे मथळे दिले. मला असे मथळे आवडत नाहीत. सत्तावीस दिवस म्हणजे सत्तावीस दिवस.

आता त्याचा रेणू फळ्यावर बघा. अकरा अमिनो आम्लांची माळ. पहिल्या सातांची शेपटी, शेवटच्या चारांचं कडं. अमिनो आम्लांना डावा-उजवा हात असतो. आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच हाताच्या आम्लांची असतात, पण या माळेत चार आम्लं दुसऱ्या हाताची आहेत. आणि दहाव्या जागेवर एक विचित्र मणी आहे: आलो-एन्ड्युरासिडिडिन. नाव पाठ करू नका. ते कुठल्याही साध्या बाटलीत मिळत नाही. बनवायचं तर कितीतरी पायऱ्या, दर पायरीला माल कमी होत जातो. ज्याने दूध आटवून खवा केला आहे त्याला कळेल. एवढं दूध घेऊन बसता आणि शेवटी वाटीभर उरतं. फरक इतकाच की खव्यात नासाडी नसते, आमच्यात बरीच असते.

बाकीची माळ ओवायला तंत्र आहे. 1963 मध्ये ब्रूस मेरिफील्ड यांनी दाखवलं की राळेच्या बारीक दाण्याला पहिलं आम्ल चिकटवायचं, मग एकेक पुढचं जोडत जायचं, मधे मधे धुवायचं, शेवटी माळ दाण्यापासून सोडवायची. हे आता यंत्रही करतं. अडत होतं ते त्या दहाव्या मण्यापाशी.

जगभरच्या गटांनी आधी त्या जागी आर्जिनिन घातलं. साधं, स्वस्त, आणि मूळ मण्यासारखाच धन विद्युतभार असलेलं. रेणू काम करत होता, पण मूळ टेक्सोबॅक्टिनपेक्षा बराच कमजोर. मग अंदाज असा झाला की तो विचित्र मणी लागतोच, आणि निदान धन भार तरी लागतोच, कारण घमेल्याच्या काठावर ऋण भार आहे. अंदाज अगदी पटण्यासारखा होता. मीही तेव्हा तोच मांडला असता.

इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठात ईश्वर सिंग यांचा गट यावर काम करत होता. आता ते लिव्हरपूलला आहेत. त्यांनी दहाव्या जागी ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन घालून पाहिलं. दोन्हींना भार नाही. तेलकट, साधी आम्लं, आपल्या डाळीत आणि अंड्यात असतात ती. 2017 मध्ये त्यांनी छापलं: हे सोपे रेणू मूळ टेक्सोबॅक्टिनइतकेच जोरदार आहेत आणि लिपिड टूला धरतातही. म्हणजे जो मणी अत्यावश्यक मानला होता तो लागत नव्हता. 2018 मध्ये त्यांच्यासह सिंगापूरच्या संशोधकांनी डोळ्यात स्टॅफिलोकोकसचा संसर्ग झालेल्या उंदरांवर ल्यूसिनवाला रेणू वापरला आणि संसर्ग कमी झाला, बुबुळाची सूजही उतरली.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? त्यांनी काही जास्तीचं जोडलं नाही. पटणाऱ्या कारणाने लागतो म्हणून ठरवलेला भाग काढून पाहिला. कॅलिफोर्नियात अर्वाइनला जेम्स नोविक यांच्या गटाने तर एका सोप्या नकलेचं आरशातलं प्रतिबिंब बनवलं, म्हणजे सगळे डावे मणी उजवे आणि उजवे डावे. तेही तितकंच चाललं. कुलपात उलटी किल्ली घालावी आणि दार उघडावं तसं. यावरून कळतं की जिथे हा रेणू बसतो ती जागा प्रथिनासारखी डाव्या-उजव्याची चोखंदळ नाही. म्हणजे नक्कल बनवली ती स्वस्तात औषध मिळावं म्हणून, आणि तिच्यातूनच मूळ रेणू काम कसं करतो हे कळायला मदत झाली. 2022 मध्ये उट्रेख्टच्या मार्कुस वाइनगार्थ यांच्या गटाने दाखवलं की टेक्सोबॅक्टिनचे रेणू जिवाणूच्या पडद्यावर एकमेकांना धरून धाग्यांची चटई विणतात आणि पडदाही कमजोर करतात. 

आता तुम्ही विचाराल, मग औषध कुठे आहे? दहा वर्षं होऊन गेली, मेडिकलमध्ये टेक्सोबॅक्टिन नाही. त्याचं उत्तर मी माझ्याच टेबलावरून देते, कारण तिथल्या अपयशाची खात्री मला आहे.

मी ज्या प्रकारच्या रेणूंवर काम करते त्याची गोष्ट बेडकापासून सुरू होते. 1987 मध्ये मायकेल झासलॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन वेगळं केलं. बेडकाच्या पोटावर शस्त्रक्रिया करून त्याला घाणेरड्या पाण्यात सोडलं तरी जखम चिघळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मॅगेनिन म्हणजे 23 अमिनो आम्लांची माळ. ती पिळदार होते तेव्हा तिची एक बाजू धन भाराची, दुसरी तेलकट. जिवाणूच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो, आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर जवळजवळ नसतो. माळ जिवाणूला चिकटते, तेलकट बाजू पडद्यात घुसते, पडदा फाटतो. त्याचाच एक भाऊबंद, पेक्सिगनान, मधुमेही पायाच्या जखमांसाठी थेट मान्यतेच्या दारापर्यंत गेला होता. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो नाकारला. अब्बांच्या पायाकडे बघून ते मला पुष्कळदा आठवतं.

तेवीस मणी कशाला? एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला तेल, एवढंच लागत असेल तर छोट्या, कडक सांगाड्यावर तेवढंच बसवावं. अमेरिकेत विल्यम डिग्रेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रेणू बनवले. त्यातला ब्रिलासिडिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. माझं काम त्याच धर्तीचं, पण सांगाडा वेगळा.

पहिलं संयुग बनवायला मला अकरा महिने लागले. तपासायची रीत साधी असते. 96 खळग्यांची प्लास्टिकची ताटली घ्यायची, पहिल्या खळग्यात औषध, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मं. सगळ्यांत जिवाणू घालायचे आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं. सकाळी जे खळगे गढूळ ते जिवाणूंचे, जे स्वच्छ ते आपले. माझे पहिले खळगे जवळजवळ सगळे गढूळ निघाले. मग मी तेलकट शेपटी दोन कार्बनने लांबवली. स्वच्छ खळगे वाढले. आणखी दोन कार्बन, आणखी स्वच्छ. त्या सकाळी मी अम्मीला फोन करून काय काय बोलले ते इथे सांगत नाही.

पुढची चाचणी रक्ताची. लाल पेशींत औषध घालायचं, फिरवायचं, आणि वरचं पाणी बघायचं. पेशी शाबूत असतील तर त्या तळाला बसतात आणि पाणी नितळ राहतं. फुटल्या तर सगळं पाणी लाल. माझी नळी रूह अफजासारखी दिसत होती. ज्या लांब शेपटीने जिवाणूचा पडदा फाटत होता तिला आता ऋण भाराची गरजच उरली नव्हती. ती समोर येईल तो पडदा फाडत होती. असं संयुग औषध नसतं, ते फिनाइल असतं. मी ते वहीत नोंदवलं आणि बाटली मागच्या कपाटात ठेवली.

सोपं करण्याची मर्यादा इथे कळते. निसर्गाच्या रेणूतला जो भाग आपल्याला अडगळ वाटतो, त्यातला एखादा भाग जिवाणू मारत नसेल, पण आपल्याला वाचवत असतो. टेक्सोबॅक्टिनमध्ये दहावा मणी निघाला. माझ्या रेणूत मी जे काढलं त्यात काहीतरी असं होतं जे काढायचं नव्हतं. बनवल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरी अडचण आणखी मोठी. टेक्सोबॅक्टिन एमआरएसएला मारतं, टीबीच्या जंतूलाही मारतं. पण क्लेबसिएला, ई. कोलाय, सुडोमोनास यांना नाही. त्यांना बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि एवढा मोठा रेणू त्यातून आत जात नाही. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये डॉक्टरांची झोप उडवतात ते हेच जिवाणू. इलिनॉय विद्यापीठात पॉल हर्गनरॉदर यांच्या गटाने 2017 मध्ये अनेक संयुगं तपासून काही नियम काढले: रेणू चपटा हवा, कडक हवा, आणि त्यावर उघडा अमाइन गट हवा, मग तो शिरण्याची शक्यता वाढते. सोपे रेणू बनवणाऱ्यांना हे वरदान आहे, कारण लहान सांगाड्यावर असा बदल करता येतो. अकरा मण्यांच्या माळेला चपटं करता येत नाही.

आणि तिसरी अडचण पैशाची, तीही सांगते. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे. त्याच 2019 मध्ये अकाओजेन नावाची अमेरिकी कंपनी दिवाळखोर झाली. तिच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला आदल्याच वर्षी मान्यता मिळाली होती. नवं अँटिबायोटिक डॉक्टर जपून वापरतात, वापरायलाच हवं, आणि कोर्स आठवड्या-दोन आठवड्यांचा. रक्तदाबाची गोळी जन्मभर विकली जाते. हिशेब तुम्ही करा. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्टने हे काम सोडलेलं नाही, त्यांचं नाफिथ्रोमायसिन एरिथ्रोमायसिनच्या सांगाड्यात बदल करूनच तयार झालं. पण रेणू बनवायला जितका किचकट तितकं हे गणित जास्त बिघडतं. म्हणून दहाव्या जागेवर साधं ल्यूसिन चालतं ही मला नुसती रसायनशास्त्रातली गंमत वाटत नाही. उद्या असं औषध आलंच, तर ते वेल्डरच्या घराला परवडेल की नाही हे अशाच एका मण्यावर ठरणार आहे.

एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे, "तोवर आम्ही काय करायचं?" स्ट्रिपवर लाल रेषा दिसली तर ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवू नका. आणि घरात कुणी पीएच.डी. करत असेल तर तिला फोनवर औषध विचारू नका.

अब्बा दर रविवारी विचारतात, "बनी क्या तेरी दवा?" मी म्हणते, "बनी थी, फेकनी पडी." मागच्या कपाटात आता सतरा बाटल्या आहेत. अठराव्यात मी शेपटी परत आखूड केली आहे आणि काढून टाकलेला एक ऑक्सिजन जुन्या जागी परत बसवला आहे. खळगे निम्मेच स्वच्छ आले, पहिल्यापेक्षा कमी. रक्ताची चाचणी गुरुवारी आहे.

आता विचारा, काय विचारायचं ते.